उंदराच्या पोहण्यावरून औषधाचा निवाडा

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये एक प्रयोग इतक्या वेळा येतो की त्याचा आता साचाच पडून गेला आहे. काचेच्या उंच नळकांड्यात साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी भरतात आणि त्यात पांढरा उंदीर सोडतात. बाहेर पडायला वाट नसते आणि पाय टेकायला तळ नसतो. उंदीर आधी जोराने पाय मारतो, भिंतीवर चढू पाहतो, आणि काही वेळाने नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करत तरंगत राहतो. सहा मिनिटांच्या या प्रयोगात शेवटच्या चार मिनिटांपैकी किती सेकंद तो निश्चल होता, याची नोंद होते. ज्या उंदरांना आधी अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी किंवा अशाच एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो, ते अर्क न मिळालेल्या उंदरांपेक्षा कमी वेळ निश्चल राहिले, तर त्या वनस्पतीत नैराश्यविरोधी गुण असल्याचा निष्कर्ष लिहिला जातो. याच्या जोडीने होणाऱ्या दुसऱ्या प्रयोगात उंदराच्या शेपटीला चिकटपट्टी लावून त्याला सहा मिनिटे उलटे टांगतात आणि त्याने धडपड केव्हा सोडली ते पाहतात.

हा निष्कर्ष या प्रयोगांतून निघत नाही, असे माझे म्हणणे आहे. शिवाय जी वनस्पती माणसे पिढ्यान्‌पिढ्या घेत आली आहेत, तिच्या बाबतीत हा प्रयोग करण्याचे कारणही उरत नाही. म्हणून संस्थांच्या प्राणी नैतिकता समित्यांनी अशा प्रस्तावांना परवानगी देणे थांबवावे, आणि तोच पैसा व तेच कष्ट माणसांवरील नीट आखलेल्या चाचण्यांकडे वळवावेत.

पोहण्याचा हा प्रयोग रॉजर पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडला आणि शेपटीने टांगण्याचा १९८५ मध्ये आला. दोन्ही प्रयोगांची पारख त्या काळी उपलब्ध असलेल्या औषधांवरून झाली. इमिप्रमिनसारखे नैराश्यावरचे औषध दिले की उंदीर जास्त वेळ धडपडतो, असे दिसले. म्हणून ज्या पदार्थामुळे तो जास्त धडपडेल तो इमिप्रमिनसारखा असावा, असा तर्क केला गेला. औषधकंपनीला शेकडो रेणूंतून पुढे नेण्याजोगे चार निवडायचे असतील, तर अशी ढोबळ चाळणी एके काळी उपयोगाची होती, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र उंदराचे निश्चल होणे म्हणजे त्याची ‘हताशा’ आणि हताशा म्हणजे माणसाचे नैराश्य, ही पुढची उडी प्रयोगाने घेतलेली नाही, ती वाचणाऱ्यांनी घेतलेली आहे. नेदरलँड्समधील मोलेनडाइक आणि डी क्लोट यांनी २०१५ मध्ये या निश्चलतेचा वेगळा अर्थ मांडला: सुटका नाही हे कळल्यावर शक्ती राखून तरंगत राहणे हा उंदराचा परिस्थितीशी जुळवून घेण्याचा प्रकार आहे. तो अर्थ घेतला, तर जो उंदीर व्यर्थ धडपडत राहतो तो प्रसन्न ठरत नाही. त्याला फक्त परिस्थिती उशिरा कळली, एवढेच म्हणता येते.

अर्थाचा वाद बाजूला ठेवला तरी अडचणी उरतातच. कॅफीन आणि अ‍ॅम्फेटामिन यांसारखी उत्तेजके दिली की उंदराची निश्चलता कमी होते, परंतु त्यांना कोणी नैराश्यावरचे औषध म्हणत नाही. नुसती उत्तेजना वेगळी ओळखण्यासाठी उंदराची एकंदर हालचाल वेगळी मोजून पाहावी लागते, आणि ती अनेक शोधनिबंधांत मोजलेली नसते. फ्लुओक्सेटिनच्या गटातील औषधे आज नैराश्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जातात. त्यांचा परिणाम मोठ्या उंदरांवरच्या (रॅटवरच्या) मूळ पद्धतीत धड दिसतच नसे, म्हणून १९९५ मध्ये मोजणीची रीतच बदलावी लागली. आणि काळाचे गणित तर मुळीच जमत नाही. उंदरामध्ये एका मात्रेनंतर तासाभरात जो परिणाम मोजला जातो, त्याच औषधाचा रुग्णाला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तासाभरात दिसणारी गोष्ट आणि महिन्याने येणारा गुण या दोहोंचे कारण एकच आहे, हे गृहीत धरायला आधार काय?

पारंपरिक वनस्पतींच्या बाबतीत तर हा प्रयोग आणखी विपरीत ठरतो. जटामांसी वैद्य देतात ती झोप यावी, मन शांत व्हावे, क्षोभ उतरावा म्हणून. शांत करणाऱ्या द्रव्याने उंदीर कमी हालचाल करील, म्हणजे या प्रयोगात तो अधिक ‘हताश’ ठरेल. तरीही एखाद्या निबंधात जटामांसीने निश्चलता घटली असे आढळले, तर वैद्य जे सांगतात त्याला दुजोरा मिळाला असे म्हणायचे, की त्याच्या उलट काही दिसले असे म्हणायचे, हा प्रश्न पडायला हवा. तो पडत नाही, कारण निष्कर्षाचे वाक्य आधीच ठरलेले असते. ‘पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला’ हे ते वाक्य. चरकसंहितेतील मेध्य रसायने चार: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. ती बुद्धी आणि स्मृतीसाठी सांगितली आहेत. त्यांची परीक्षा उंदराच्या धडपडीवरून घेतल्याने ना ग्रंथ तपासला जातो, ना रोग.

मात्रेचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण तो शोधनिबंधांत क्वचितच मांडलेला असतो. उंदरांना अर्क साधारणपणे किलोमागे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा चढत्या मात्रांत देतात. शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या प्रचलित रूपांतरानुसार उंदराची किलोमागची मात्रा १२.३ ने भागली की माणसाची मात्रा मिळते. ४०० मिलिग्रॅमची मात्रा घेतली, तर ६० किलो वजनाच्या माणसाला ती रोज जवळजवळ दोन ग्रॅम अर्काएवढी होते. चूर्णाच्या दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर हे वीस ग्रॅम चूर्ण झाले. अश्वगंधेच्या चूर्णाची मात्रा आयुर्वेदिक औषधिकोशात ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे. शिवाय वैद्य चूर्ण दुधातून किंवा तुपातून देतात, प्रयोगशाळेत मात्र बहुधा अल्कोहोलात काढलेला अर्क वापरतात. म्हणजे ज्या गोष्टीची परीक्षा झाली, ती गोष्ट कोणी घेतच नव्हते.

वनस्पतीच्या ओळखीचा घोळ याहून जुना आहे. ब्राह्मी म्हणून कोणी बाकोपा देतो तर कोणी मंडूकपर्णी, आणि दोन्हींची कुळेही वेगळी आहेत. शंखपुष्पी म्हणून उत्तरेत एक वनस्पती चालते, केरळात गोकर्ण चालते आणि काही ठिकाणी विष्णुक्रांता. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली पुडी हीच वनस्पती आहे याची खात्री वनस्पतिशास्त्रज्ञाकडून करून घेतल्याचे प्रमाणपत्र निबंधाला जोडलेले असते, हे खरे. परंतु तिच्यातील कार्यकारी घटक किती होते, पुढच्या खेपेच्या मालात ते तेवढेच असतील का, याचा ठाव लागत नाही. अशा स्थितीत एका महाविद्यालयातील उंदरांवरचा निकाल दुसऱ्या महाविद्यालयात पडताळून पाहायचा म्हटला, तर नक्की काय पडताळायचे, हेच सांगता येणार नाही.

आपल्याकडच्या एका वनस्पतीने याच्या अगदी उलट वाट चालून दाखवलेली आहे. सर्पगंधेचे मूळ बिहार-बंगालकडे ‘पागल की दवा’ म्हणून ओळखले जाई. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाबाच्या आणि उन्मादाच्या रुग्णांना देऊन त्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी रसायने, वेगळी काढली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील चाचणीचा वृत्तान्त छापला, आणि त्यानंतर सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन हे कार्यकारी द्रव्य वेगळे केले. दोनच वर्षांनी अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. वकील आणि क्लाइन या दोघांनाही १९५७ मध्ये वैद्यकातील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. या सगळ्या प्रवासात वनस्पतीचा गुण आधी माणसात दिसला, रुग्णांवर तपासला गेला, आणि प्रयोगशाळा नंतर आली.

रेसर्पिनची पुढची कथा आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. रेसर्पिन दिलेला उंदीर पाठ कुबडी करून, पापण्या मिटून पडून राहतो. मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनांचे साठे त्याने रिते होतात. रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याची वृत्ते आलेली होतीच. या दोन गोष्टी जोडल्या गेल्या, आणि रेसर्पिनने मरगळलेला उंदीर हा नैराश्याचा नमुना ठरला. इमिप्रमिनने ती मरगळ हटते म्हणून नव्या औषधांची तपासणीही त्याच उंदरावर होऊ लागली. याच सुमारास, १९५५ मध्ये, लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पिन आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) देऊन तुलना केली, तेव्हा रेसर्पिन घेणाऱ्यांना बरे वाटल्याचे दिसले होते. उंदीर एक सांगत होता आणि रुग्ण दुसरेच सांगत होते. विद्येने उंदराचे ऐकले. रेसर्पिनमुळे नैराश्य येते ही समजूत पाठ्यपुस्तकांत पुढे कितीतरी वर्षे टिकली.

नैराश्यावरची मोठी औषधे सापडली तीही अशीच. इप्रोनियाझिड हे क्षयाचे औषध. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील क्षयरुग्ण ते घेऊन उल्हसित झाले, तेव्हा डॉक्टरांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. इमिप्रमिनचा गुण स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलँड कून यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी ओळखला. केटामिन हे भुलीचे औषध. त्याचा नैराश्यावरचा परिणामही २००० मध्ये येल येथे रुग्णांवरील चाचणीत प्रथम दिसला. तिघांपैकी एकाचाही शोध उंदराच्या पोहण्यावरून लागलेला नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. प्राण्यांवर तपासल्याशिवाय माणसाला द्यायचे, हे नीतीला धरून आहे का? या आक्षेपात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. औषध सुरक्षित आहे का, हा एक. आणि ते नैराश्यावर चालते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी विषारीपणाचे प्राण्यांवरील प्रयोग करावे लागतील तेथे ते जरूर व्हावेत. ‘पूर्वापार घेतात म्हणजे निर्धोक’ ही समजूत मला मुळीच मान्य नाही. पॅसिफिक बेटांवरील कावा या वनस्पतीचे पेय शतकानुशतके पिणाऱ्यांचा वारसा मोठा होता, तरी यकृताला इजा झाल्याच्या वृत्तांमुळे जर्मनीने २००२ मध्ये तिच्या औषधांना बंदी केली. आपल्याकडे करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले जात होते, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृताच्या विकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की पोहणाऱ्या उंदराने यांपैकी काहीही सांगितले नसते. सुरक्षिततेची काळजी पुढे करून परिणामकारकतेच्या निरुपयोगी प्रयोगाचे समर्थन करणे हा युक्तिवाद टिकत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी हा फरक ओळखलेला आहे. आयुर्वेदासारख्या मान्य पद्धतीत, ग्रंथांत सांगितल्याप्रमाणेच वापरल्या जाणाऱ्या औषधाच्या चाचणीला पहिल्या टप्प्याची, म्हणजे सुरक्षिततेच्या प्राथमिक चाचणीची, गरज नाही, आणि विषारीपणाची शंका नसेल आणि औषध तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ द्यायचे नसेल, तर प्राण्यांवरील नव्या अभ्यासाचीही सक्ती नाही, असा त्यांचा आशय होता. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ या नावाने हीच दिशा कितीतरी वर्षे मांडली: आधी रुग्णाकडे पाहा, मग प्रयोगशाळेत कारण शोधा. म्हणजे वाट नवी शोधायची नाही. ती आपल्याच शहरात आखलेली आहे.

ती वाट किती खडतर आहे ते युरोपातील हायपेरिकम सांगते. सेंट जॉन्स वर्ट या नावाने ही वनस्पती जर्मनीत नैराश्यासाठी सर्रास वापरली जाते. २००२ मध्ये अमेरिकेतील ३४० रुग्णांच्या चाचणीत ती प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. मात्र त्याच चाचणीत सर्ट्रालिन हे प्रस्थापित औषधही सरस ठरले नाही, हे सांगितले नाही तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. २००८ मध्ये कॉक्रेन या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २९ चाचण्यांतील ५,४८९ रुग्णांचा एकत्र विचार झाला आणि प्लासिबोहून अधिक गुण दिसला, विशेषतः जर्मन भाषक देशांतील चाचण्यांत. दरम्यान झुरिकमध्ये हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये या वनस्पतीने सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे, रक्तातील प्रमाण उतरवले आणि शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केली, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. हे सगळे ज्ञान गुंतागुंतीचे आहे, अपुरे आहे, पण ते रुग्णाच्या कामाचे आहे. आपल्याकडेही असा प्रयत्न झालेला नाही असे नाही. गुजरातमधील भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हळदीतील कर्क्युमिनची फ्लुओक्सेटिनशी तुलना साठ रुग्णांवर सहा आठवडे झाली. चाचणी लहान होती आणि प्लासिबोचा गट नव्हता, म्हणून तिच्यावरून फार काही म्हणता येत नाही. तरीही उंदरांवरच्या निबंधांच्या ढिगापेक्षा असल्या दहा चाचण्यांनी आपण पुष्कळ पुढे गेलो असतो.

मग ढीग का वाढतो? कारण व्यवस्थेतच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती प्रबंधासाठी जेमतेम वर्षभर असते. महाविद्यालयाला प्राणिगृह असते, रुग्णालय नसते. पाच गट, प्रत्येकात सहा उंदीर, दोन प्रयोग, म्हणजे साठ उंदीर. अर्क पाजायला एक-दोन आठवडे. त्यानंतर उंदीर मारून मेंदूतील रसायनांची मोजणी, आणि निबंध तयार. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण हा निबंध प्रसिद्ध झाला की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. बाटलीवरच्या आणि संकेतस्थळावरच्या मजकुरात ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द येतात, आणि ते संशोधन कोणत्या प्राण्यावर झाले हे तेथे लिहिलेले नसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये मानसिक विकार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत, विकारानुसार कमीअधिक, उपचार पोहोचत नव्हते. अशा देशात मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला आधीच कचरणारा माणूस या शब्दांवर विसंबून महिनोन्‌महिने घालवतो, ही या प्रयोगाची खरी किंमत आहे. उंदरांची किंमत तिच्याव्यतिरिक्त.

जगाची दिशा बदलते आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये पोहण्याच्या या प्रयोगावर कायद्याने बंदी घातली, आणि ब्रिटनच्या सरकारने तो टप्प्याटप्प्याने संपवण्याचा मानस जाहीर केला. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे, आणि लहान प्राण्यांवरील प्रस्ताव संस्थेचीच समिती तिच्या प्रतिनिधीसह तपासते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदने थांबवली. बेडूक वाचला, उंदीर अजून पोहतो आहे. पण केवळ परदेशात बंदी आली म्हणून आपणही बंदी आणावी, असे मी म्हणत नाही. मेंदूत ताणाचा काय परिणाम होतो याचा मूलभूत अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेने प्राण्यांची गरज पटवून दिली, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय वेगळ्या निकषांवर व्हावा. येथे प्रश्न आहे तो माणसांच्या वापरात असलेल्या वनस्पतीवर ‘नैराश्यविरोधी’ असा शिक्का मारण्यासाठी होणाऱ्या ठरीव प्रयोगाचा. समितीने प्रस्तावकाला एकच प्रश्न विचारावा: निकाल होकारार्थी आला किंवा नकारार्थी आला, तर रुग्णाच्या उपचारात काय बदलेल? उत्तर नसेल, तर परवानगी नसावी.

महाराष्ट्रात पर्याय उभा करणे अशक्य नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यकाची आणि आयुर्वेदाची महाविद्यालये १९९८ पासून एकत्र आहेत. मानसोपचार विभाग आणि आयुर्वेद रुग्णालय यांनी मिळून चाचणी आखायला प्रशासकीय भिंत आड येत नाही. औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये मात्र दुसऱ्या विद्यापीठांकडे आहेत, आणि तेथेच सांधा निखळतो. सौम्य ते मध्यम नैराश्याचे रुग्ण घ्यावेत. आत्महत्येचे विचार असलेल्यांना चाचणीत न घेता थेट उपचारांकडे न्यावे. चालू औषध बंद न करता त्याच्या जोडीने वनस्पती किंवा प्लासिबो द्यावे, आणि बारा आठवडे नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टनच्या मापनश्रेणीवर नोंदी ठेवाव्यात. स्त्रियांचा समावेश अर्थातच व्हावा, कारण नैराश्य त्यांच्यात पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते, आणि उंदरांच्या प्रयोगांत बहुधा नरच वापरलेले असतात.

अशा चाचणीत औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी काम कमी पडणार नाही. मंडूकपर्णी हीच मंडूकपर्णी आहे हे ठरवणे, तिच्यातील एशियाटिकोसाइड या घटकाचे प्रमाण प्रत्येक खेपेत सारखे राखणे, त्याच रंगाच्या, वासाच्या आणि वजनाच्या प्लासिबो कॅप्सूल बनवणे, सहा महिने त्या टिकतात का हे पाहणे, रुग्णांनी परत आणलेल्या कॅप्सूल मोजणे आणि रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांच्या रक्तातील पातळीवर काही परिणाम होतो का हे तपासणे, यांतले प्रत्येक काम एका प्रबंधाएवढे आहे. आणि त्यांपैकी एकालाही पाण्याचे नळकांडे लागत नाही.